रीलच्या आधी गटाचा नंबर, गटाचा क्यूआर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बचतगटांच्या बायांना समाजमाध्यमांवरून माल विकायला शिकवणाऱ्या शिबिरांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर हल्ली वरचेवर येतात. अशा शिबिरांना मीही बसले आहे. तिथे शिकलेले काही आजही कामी येते, आणि शिकवायला येणाऱ्या मुलामुलींची तळमळ खरी असते. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण शिकवायला सुरुवात ज्या टोकापासून होते तिथे आमचे अडतच नाही. फॉलोअर कसे वाढवायचे, रीलला कोणते गाणे लावायचे, पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना कशी दाखवायची (बूस्ट), हे सगळे सांगतात. धंद्याचा फोन नंबर कोणाच्या हातात आहे आणि आलेले पैसे कोणाच्या खात्यात पडतात, हे मात्र कोणी विचारत नाही. खेड्यातल्या बाईचा ऑनलाइन धंदा या दोन गोष्टींवर टिकतो किंवा बुडतो.

आधी आमचे काम सांगते. मी समुद्रपूर तालुक्यातली शेतकरी. घरी कपाशी, तूर आणि थोडी हळद. गटातल्या आम्ही बाया हळद आणि मिरचीची पावडर, जवसाची चटणी, मुंगवड्या करतो. उन्हाळ्यात सरगुंडे आणि कुरोड्या. पाच किलो ओल्या हळदीतून वाळून किलोभर हळकुंडे हाती येतात, म्हणजे मेहनत किती आणि माल किती ते बघा. ती हळकुंडे पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे नेली की भाव तो सांगेल तो. दळून, पाकिटात भरून, खाणाऱ्याच्या घरी पोचवली तर चार पैसे आमच्या पदरात राहतात. तालुक्याच्या गावी दुकान थाटायची आमची ऐपत नाही. त्यामुळे मोबाईल हेच दुकान, आणि त्यातही आमचा भरवसा व्हॉट्सअॅपवर.

आमचे पहिले दूरचे गिऱ्हाईक पुण्याचे. माझी नणंद हडपसरला राहते. तिने सोसायटीच्या ग्रुपवर जवसाच्या चटणीचा फोटो टाकला आणि वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडची नोकरीसाठी तिकडे गेलेली मंडळी लगेच बोलती झाली. "काकू, मुंगवड्या पाठवाल का? आई गेल्यापासून खाल्ल्याच नाहीत," असा एका मुलाचा मेसेज आला होता. विदर्भ सोडून बाहेर राहणारा हा एवढा मोठा समाज आपल्या हातच्या चवीची वाट बघत बसला आहे, हे मला त्या दिवशी कळले. त्यांना गाठायला रील व्हायरल व्हावी लागत नाही. एकाने दुसऱ्याला आपला नंबर द्यावा लागतो, बस्स.

इथे एक कामाची गोष्ट सांगते, जी प्रत्येक गटाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करता येते. एका यादीत २५६ जण बसतात. एकदा लिहिलेला संदेश प्रत्येकाला वेगळा जातो आणि त्याचे उत्तर फक्त आपल्यालाच येते. पण ज्याने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो संदेश पोचतो. बाकीच्यांना काही दिसत नाही आणि आपल्याला वाटते की लोकांना माल नको आहे. म्हणून आम्ही पाकिटाच्या मागे ठळक अक्षरांत छापतो : 'हा नंबर सेव्ह करा, नवी हळद आली की कळवू.' हळदीचे पाकीट स्वयंपाकघरात महिनोन् महिने राहते. त्यावरचा नंबर ही आमच्या दुकानाची पाटी आहे.

आता हा नंबर कोणाचा, ते पाहा. आमच्या भागात कोणत्याही गटाच्या पाकिटावरचा नंबर लावून बघा. पोरगा उचलतो, नाहीतर नवरा. बाईकडे फोन असला तरी साधा असतो, किंवा स्मार्टफोन असून रिचार्ज संपलेला असतो. शेजारच्या गावातल्या एका गटाने सचिवबाईंच्या मुलाचा नंबर छापला होता. पोरगा हुशार, मनापासून करायचा सगळे. त्याला बुटीबोरीला कंपनीत काम लागले. ऑर्डरी त्याच्या फोनवर, तो शिफ्टमध्ये, माल गावात. रात्री तो आईला फोन करून सांगायचा, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडून घेऊन मोकळे झालेले असायचे. पुढे त्याने सिम बदलले आणि पाकिटावरचा नंबर कायमचा बंद पडला. त्या बायांचे लोणचे आमच्यापेक्षा सरस होते, हे मी आजही सांगते. आता त्या पुन्हा आठवडी बाजारात बसतात.

म्हणून आमच्या गटाने मासिक बैठकीत रीतसर ठराव घेतला. सिम एकीच्याच नावावर घ्यावे लागते, पण नंबर गटाचा, रिचार्जचा खर्च गटाच्या हिशेबातून, आणि पदाधिकारी बदलले की फोन नव्या बाईच्या ताब्यात. त्यावर 'व्हॉट्सअॅप बिझनेस' टाकले. हे अॅप फुकट आहे, २०१८ पासून आपल्याकडे चालते. घरचे साधे व्हॉट्सअॅप आणि धंद्याचे, दोन्ही एकाच फोनमध्ये दोन नंबरांवर चालतात. त्यात मालाची यादी फोटो-भावासकट लावता येते, आणि ऑर्डरला 'पैसे यायचे', 'पार्सल गेले' अशा खुणा लावता येतात. दहावी शिकलेल्या बाईला हे दुपारभरात येते. शिकवणाऱ्याने फक्त फोन तिच्या हातात द्यावा, भिंतीवरच्या पडद्यावर दाखवू नये. गिऱ्हाइकांची नावे-नंबर आम्ही वहीतही लिहून ठेवतो. ओळख नसलेल्या शेकडो लोकांना एकदम मेसेज टाकले, त्यांतल्या काहींनी तक्रार केली, तर व्हॉट्सअॅप नंबर बंद करून टाकते. त्या दिवशी ती वही नसेल तर वर्षांची कमाई गेली.

आता लोकांना दाखवायचे काय, याबद्दल. शिबिरात आम्हाला सुरेख डिझाइनची तयार चित्रे दिली होती. त्यातल्या एकावर लिहिले होते की हळदीने साखर कमी होते, दुसऱ्यावर कॅन्सरचे नाव होते. मी ती लावली नाहीत आणि इतर बायांनाही सांगते, लावू नका. रोग बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, आणि अन्नपदार्थावर असा दावा करणे अन्नसुरक्षेच्या नियमांतही बसत नाही. कायद्याचे सोडा, कोणाच्या घरातला आजारी माणूस आपल्या पोस्टवर विसंबून गोळ्या बंद करेल, तर ते पाप कोणाच्या माथी?

लोकांना हळदीबद्दल एकच धास्ती असते, भेसळीची. रंग उठावदार दिसावा म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट चोळतात, पावडरीत मेटॅनिल यलो मिसळतात, हे शहरातल्या लोकांनी वाचलेले असते. शिसे पोटात जाणे लहान लेकरांना किती वाईट, हेही त्यांना माहीत असते. "रंग तर नाही ना टाकला?" हा प्रश्न आम्हाला जितक्यांदा येतो तितका भावाचाही येत नाही. त्याचे उत्तर शब्दांनी देऊन भागत नाही, दाखवावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते तेव्हा शेताच्या धुऱ्यावर चूल पेटवून मोठ्या कढईत ती उकळतो, वर बारदाना टाकून. पाणी फेसाळते, वास बदलतो, मग एक हळकुंड बाहेर काढून त्यात काडी खुपसून पाहायची. काडी अडखळली तर अजून वेळ आहे, सहज आरपार गेली तर लाकडे ओढायची. एवढेच मी मोबाईलवर टिपले होते, माझ्या जावेचा हात आणि ती काडी. गाणे लावले नाही. चुलीतल्या लाकडांचा तडतड आवाज आणि मागून सासूबाईंचे "काहून उभी राहिलीस, काढ न ते आता," एवढेच त्यात ऐकू येते. तो व्हिडिओ स्टेटसवर टाकला तर नागपूरच्या एका आजोबांचा फोन आला. किती वेळ उकळता, कच्ची राहिली तर काय होते, वाळायला किती दिवस, पॉलिश कशाने करता, सगळे विचारून घेतले. मी सांगत गेले : पंधरवडाभर ऊन, मग ड्रममध्ये हळकुंडे एकमेकांवर घासली जातात, वरून काहीही पडत नाही. त्यांनी तेव्हा अर्धा किलोच घेतली. पुढे त्यांच्या लेकींनी, लेकींच्या शेजारणींनी मागवली. माझ्या मते समाजमाध्यमांवरची खरी विक्री ती. विचारणाऱ्याला पुरे, खरे आणि वेळेवर उत्तर देणे. त्यासाठी फोन बाईजवळ असावा लागतो, हे पुन्हा सांगते, कारण चुलीपुढची गोष्ट चुलीपुढची बाईच सांगू शकते.

फोटोचे एक सांगून ठेवते. ट्यूबलाइटखाली किंवा फ्लॅश मारून हळदीचा फोटो काढू नये, फिल्टर तर मुळीच नको. पिवळा रंग फोटोत भडक झाला की पाकीट उघडल्यावर हळद फिकी वाटते आणि माणूस नाराज होतो. सकाळच्या उजेडात, सावलीला, तळहातावर चिमूटभर घेऊन काढलेला फोटो मालाशी जुळतो.

नावाबद्दलही बोलायला हवे. आमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाचाच माल अशी सरकारी नोंद, मिळाले. आमच्या सगळ्यांची मान ताठ झाली त्या वेळी. पण आज मोबाईल उघडला की कुठूनकुठून 'अस्सल वायगाव हळद' विकायला आलेली दिसते. मानांकन कोणालाही वापरता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते. आमचे गाव वायगाव नव्हे. बियाणे तिकडचेच, तरी आम्ही पाकिटावर आमच्या गावाचे आणि गटाचेच नाव छापतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते वाण जपले त्यांच्या नावावर आपण पोट भरू नये. कृषी विभागाने या ऑनलाइन विक्रेत्यांकडे एकदा नजर टाकावी, ही माझी विनंती आहे. नाहीतर जे नाव मिळवायला इतकी वर्षे लागली ते दोन-चार हंगामांत मातीमोल होईल.

पैसे भरून करायच्या जाहिरातीबद्दल मी फार बोलणार नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवर ठिकाण निवडता येते, किती किलोमीटरच्या आतल्या लोकांना दिसावे ते ठरवता येते, वर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्या गटाकडे माल भरपूर आणि पाठवायची सोय पक्की, त्याने करावी. आमच्याकडे हळद पोळ्यापर्यंत संपते. नसलेल्या मालाची जाहिरात कशाला?

आता पैशाचे. हा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो.

आमच्या गटाचे बँक खाते दोघींच्या सह्यांचे आहे, बचतगटाचे असते तसेच. ते योग्यही आहे, एकटीला पैसे काढता येऊ नयेत. पण अशा खात्याला मोबाईलवरून यूपीआय जोडता येत नाही, असे आम्हाला बँकेत सांगितले. मग गिऱ्हाइकाने पैसे पाठवायचे कुठे? एकीच्या वैयक्तिक खात्यात. तिथून ती काढणार, गटात भरणार, आणि दर महिन्याच्या बैठकीत कोणाच्या तरी मनात शंका. तिच्या खात्यात घरकुलाचा हप्ता येतो, नवऱ्याचे पीककर्ज त्याच बँकेत, पासबुकात सगळे मिसळलेले. प्रामाणिक बाईला जिवावर येते ते. आमच्या एका सोबतिणीने या त्रासापायी हिशेबाचे काम सोडले, आणि आमच्यात तिच्याइतके चोख कोणी लिहीत नव्हते. आमचे मागणे साधे आहे : गटाच्या खात्याला फक्त पैसे जमा होतील असा क्यूआर द्या. काढायचे असतील तेव्हा दोघी येऊन सही करतील. चहाच्या टपरीवर क्यूआर आहे, पाणीपुरीच्या गाड्यावर आहे. केंद्राच्या सूक्ष्म खाद्य उद्योग योजनेत गटाच्या सदस्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवले गेले, त्यातून छोटी अवजारे येतात, माल तयार होतो, आणि त्याच गटाला गिऱ्हाइकाकडून हक्काच्या खात्यात पैसे घेण्याची सोय नसते.

क्यूआर म्हटला की फसवणूक आलीच. आमच्या ओळखीच्या एका बाईला फोन आला. बोलणारा हिंदीत, आदबशीर, म्हणाला मी फौजेत आहे, कँटीनसाठी वीस किलो हळद हवी. भाव पाडून मागितला नाही, हीच तिला खूण पटायला हवी होती असे आता सगळे म्हणतात, पण तेव्हा तिला आनंदच झाला. आगाऊ पैसे देतो म्हणून त्याने क्यूआर पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. तिच्या खात्यातले पैसे गेले. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. हे एक वाक्य प्रत्येक शिबिरात सुरुवातीला, मधे आणि शेवटी वदवून घ्यावे. आणि फसलोच तर क्षणही न दवडता १९३० वर फोन करायचा, हेही. लाजेने गप्प बसल्याने पैसे परत मिळण्याची आशाच जाते. त्या बाईने घरी सांगायलाच उशीर लावला, कारण घरचे म्हणतील फोन दे इकडे. आणि तसेच झाले. फोन गेला, धंदाही गेला.

पार्सलचे दुःख निराळे. गावच्या डाकघराचे कामकाज काही तासच चालते, आणि अर्धा किलो हळद एकेका घरी पाठवायची तर टपालखर्चाने तिचा भाव कुठल्या कुठे जातो. म्हणून आम्ही सोसायटीवार ऑर्डर गोळा करतो. एका ठिकाणची दहा-पंधरा घरे झाली की पोते एसटीने नागपूरला, तिथून रात्रीच्या पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये, सकाळी नणंद उतरवून घेते आणि वाटते. तिला आम्ही त्याचे पैसे देतो. दूरच्या प्रत्येक गटाला अशी नणंद असेलच असे नाही. तालुक्याच्या डाकघराने आठवड्यातून एक ठरलेला दिवस गटांच्या पार्सलांसाठी ठेवला, वजन-मापाला काटा आणि एक माणूस दिला, तरी मोठे काम होईल. पाकिटावर काय काय छापायचे तेही तिथेच कळावे : निव्वळ वजन, किंमत, भरल्याची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता, अन्नसुरक्षेचा चौदा अंकी नंबर. आम्ही ती नोंदणी केली तेव्हा वर्षाचे शुल्क १०० रुपये होते. पैशापायी ती अडत नाही, फॉर्म भरून देणारे कोणी नसते म्हणून अडते. वर्ध्यात मगनवाडीला ग्रामीण उद्योगांसाठीच असलेली एमगिरी ही संस्था आहे, गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ साली ज्या जिल्ह्यात झाली तो हा जिल्हा. इथल्या गटांनी लेबलसाठी नागपूरच्या छापखान्यात ताटकळावे, हे मनाला पटत नाही.

बचतगटांचे काम पाहणाऱ्या उमेद अभियानाच्या, माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढचे शिबिर ठेवाल तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत ठेवा. तेव्हा बाया तशाही एकत्र येतात आणि हळद उकळायच्या चुली पेटायला अवकाश असतो. फेब्रुवारीनंतर बोलावले तर आम्ही येणार नाही, आमच्या पोरांना पाठवू, आणि शिकणारही तीच. शिबिरात बँकेचा शाखाधिकारी आणि डाकघरातला माणूस बसलेला असू द्या. गटाच्या नंबरचा ठराव तिथेच लिहून घ्या. रील दुपारच्या जेवणानंतर शिकवा, आम्हाला तीही आवडते.

आणि संपादक महाशय, आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या बँकांना एवढे विचारून छापावे की बचतगटाच्या दोन सह्यांच्या खात्याला फक्त जमेचा क्यूआर कोणती बँक देते. एखादी देत असेल तर आम्ही खाते तिकडे नेऊ. कोणीच देत नसेल तर तेही कळू द्या, म्हणजे गावातल्या गटांच्या ग्रामसंघाच्या बैठकीत तसा अर्ज करून आम्ही सगळ्या गटांच्या सह्यांनिशी जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ.

आपली,
एक हळद उत्पादक शेतकरी व बचतगट सदस्य
ता. समुद्रपूर, जि. वर्धा